जांभळ्या टोपणाची नळी: रक्तातून डीएनए आणि प्रथिनं वेगळी कशी काढतात

लॅबमध्ये रक्त द्यायला गेलात की टेक्निशियन एकाच सुईतून दोन-तीन नळ्या भरून घेतो. प्रत्येकीच्या टोपणाचा रंग वेगळा. त्यातली जांभळ्या टोपणाची आज आपल्या कामाची. तिच्या आत ईडीटीए नावाचा पदार्थ आधीच घातलेला असतो. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, ते ईडीटीए पकडून ठेवतं, म्हणून नळीतलं रक्त पातळ राहतं. त्याचा दुसरा उपयोग सहसा कोणी सांगत नाही. डीएनएचे तुकडे पाडणाऱ्या एन्झाइमना मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए तेही धरून बसतं. म्हणजे नळी भरली त्या क्षणापासून डीएनए राखायचं काम सुरू झालेलं असतं.

ही नळी गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रातून आली आहे असं धरू. एका मुलीची सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. या चाचणीत रक्ताचा थेंब एका रसायनात टाकतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रव गढूळ होतो आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते, पण एक गोष्ट तिला सांगता येत नाही. मुलीला सिकलचं जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळालं आहे, की एकाकडूनच? दोघांकडून मिळालं असेल तर रिपोर्टवर ‘एसएस पॅटर्न’ लिहितात. मग तो आजार असतो: हाडं-सांधे दुखण्याचे झटके, रक्त कमी होणं, दवाखान्याच्या फेऱ्या. एकाकडून मिळालं असेल तर ‘एएस पॅटर्न’. अशी मुलगी वाहक, तिला सहसा काही त्रास नाही. लग्न ठरताना मात्र जोडीदाराचीही तपासणी हवी, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. नळीतला गढूळपणा दोन्हीकडे सारखाच. फरक कळायला मुलीचं हिमोग्लोबिन सुटं करूनच बघावं लागतं.

आता नळीत आहे काय ते पाहू. एका मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात आणि त्यांच्यात मिळून १२० ते १५० मिलिग्रॅम हिमोग्लोबिन. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, म्हणजे केंद्रकातला डीएनए तिच्यात नाहीच. तो असतो पांढऱ्या पेशींत, आणि त्या त्याच मिलिलिटरमध्ये फक्त ४० लाख ते एक कोटी दहा लाखांच्या घरात. प्रत्येकीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए. गुणाकार केला तर हाती येतात २५ ते ७० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. एकाच थेंबात हिमोग्लोबिन डीएनएच्या हजारो पट. डीएनए काढायचा म्हणजे खरी लढाई या तांबड्या पुराशी असते, आणि हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त हीम थोडासा जरी मागे राहिला तरी पुढची पीसीआर चाचणी, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवणारी क्रिया, अडते.

घरात तांदूळ साफ करताना आपण तीन कामं करतो. खडे बोटांनी निवडतो, कोंडा सुपात पाखडतो, चुरी चाळणीतून पाडतो. रेणूंच्या बाबतीत पहिलं काम करताच येत नाही. कोणताही चिमटा हिमोग्लोबिनचा एक रेणू उचलून बाजूला ठेवू शकत नाही. उरतं पाखडणं आणि चाळणं. सुपाला फक्त जड-हलकं कळतं, चाळणीला फक्त लहान-मोठं. तांदळाएवढाच खडा चाळणीतून तांदळाबरोबरच पडणार. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक पद्धतीचं हेच आहे. तिला रेणूचा एखादाच गुण दिसतो, बाकी सगळ्याकडे तिची पाठ असते. आपल्या दोन रेणूंमध्ये फरक कोणत्या गुणाचा आहे हे आधी ओळखायचं आणि मग तोच गुण पाहणारी पद्धत निवडायची, यातच सगळं कसब आहे.

दोन विद्युतभारांचा फरक

सामान्य हिमोग्लोबिन आणि सिकल हिमोग्लोबिन यांच्यात फरक किती? हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा, त्यात एकूण ५७४ अमिनो आम्लं. सिकलमध्ये त्यातली फक्त दोन बदललेली, दोन्ही बीटा साखळ्यांवरच्या सहाव्या जागी एकेक. तिथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसलेलं असतं. आकारमान जवळपास तेच, वजनही जवळपास तेच. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि व्हॅलिनवर काहीच नसतो. म्हणजे सिकल हिमोग्लोबिनकडे दोन ऋणभार कमी. चाळणीला हा फरक कधीच दिसणार नाही. विजेला दिसतो.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात नेमकं हेच दाखवलं. रुग्णांचं आणि निरोगी माणसांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवलं तर ते वेगवेगळ्या वेगाने सरकतं, आणि वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडतात. प्रत्यक्ष प्रयोगांचा भार हार्वी इटानो यांच्यावर होता. जपानी वंशाचे अमेरिकन म्हणून युद्धकाळात त्यांना छावणीत डांबलेलं होतं. निबंधाच्या शीर्षकातच सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटलं होतं. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत दाखवण्याची ही पहिली वेळ, आणि ती आली वेगळं करण्याच्या एका तंत्रामुळे. बदल नेमका कुठला हे मात्र त्यांना कळलं नव्हतं. ते १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. त्यांनी दोन्ही हिमोग्लोबिनं ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने तोडली, तुकड्यांचं मिश्रण गाळणकागदावर ठेवलं, एका दिशेला वीज लावली आणि आडव्या दिशेला द्रव चढू दिला. सुमारे ३० ठिपक्यांची नक्षी उमटली. दोन्ही कागदांवर सगळे ठिपके जागच्या जागी, फक्त एक सरकलेला. त्या एका ठिपक्यात बदललेलं अमिनो आम्ल होतं.

विजेने प्रथिनं वेगळी करायची ही पद्धत नावारूपाला आणली ती स्वीडनमधल्या उप्साला इथल्या आर्ने टिसेलियस यांनी. १९३७ मध्ये त्यांनी इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळीत रक्तद्रव भरून त्यातली प्रथिनं अल्ब्युमिन, अल्फा, बीटा, गॅमा अशा गटांत फोडून दाखवली. त्यासाठी १९४८ चं नोबेल मिळालं. ‘गॅमा ग्लोब्युलिन’ हे नाव त्याच रांगेतलं. पण ते यंत्र खोलीभर मोठं, महाग, आणि द्रवात सगळं असल्यामुळे वीज बंद केली की वेगळे झालेले गट पुन्हा एकमेकांत मिसळणार.

यावरचा उपाय कपडे धुण्याच्या बादलीतून आला. टोरोंटोमध्ये काम करणारे ऑलिव्हर स्मिथीज प्रथिनांसाठी स्टार्चचा वापर करून पाहत होते. लहानपणी त्यांची आई वडिलांच्या शर्टांना खळ घालायची, आणि उरलेली खळ थंड झाली की तिचा थलथलीत गोळा होतो हे त्यांच्या लक्षात होतं. कपड्यांना खळ घालणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही आजीला ही गोष्ट सांगायची गरज नव्हती. १९५५ मध्ये त्यांनी स्टार्चच्या जेलवर प्रथिनं पळवून दाखवली. जेलने द्रव जागच्या जागी धरून ठेवला, वेगळे झालेले पट्टे पुन्हा मिसळेनात, आणि वर जेलच्या जाळीतून वाट काढताना रेणू आकाराप्रमाणेही वेगळे होऊ लागले. पाखडणं आणि चाळणं एकाच वेळी.

गडचिरोलीच्या आपल्या नळीसाठी आता सेल्युलोज अॅसिटेटची पातळ पट्टी वापरतात. तांबड्या पेशी धुऊन फोडायच्या, बाहेर आलेलं हिमोग्लोबिन पट्टीच्या एका टोकाशी बारीक रेघेसारखं लावायचं, पट्टी ८.६ च्या आसपास सामू असलेल्या द्रवात ठेवायची आणि वीज सोडायची. या सामूला हिमोग्लोबिनवर ऋणभार असतो, त्यामुळे ते धन टोकाकडे निघतं. शेजारीच ओळखीच्या हिमोग्लोबिनांचा नमुना धावत असतो, तुलनेसाठी. अर्ध्या तासाने ए प्रकार, म्हणजे सामान्य हिमोग्लोबिन, सगळ्यांत पुढे, मग बाळांमधलं एफ, त्याच्या मागे सिकलचं एस. दोन ऋणभार कमी म्हणजे ओढ कमी, म्हणून एस मागे पडतं. मला या चाचणीचं एक कौतुक वाटतं: हिमोग्लोबिन स्वतःच लाल असल्यामुळे शर्यत डोळ्यांनी बघता येते. पक्की नोंद मात्र रंग चढवल्यावरच करतात.

मुलीच्या रांगेत ए आणि एस असे दोन पट्टे दिसले, आणि ए चा पट्टा जाड असला, तर ती वाहक. ए अजिबातच नसेल आणि एस ठळक असेल तर एसएस. अर्थात नुकतंच बाहेरून रक्त चढवलं असेल तर त्या रक्तातलं ए तिथे दिसतं आणि निकाल फसतो. म्हणून फॉर्मवर ‘रक्त कधी चढवलं होतं?’ हा रकाना असतो. तो रिकामा सोडू नये.

या पद्धतीला न दिसणारीही गोष्ट आहे. हिमोग्लोबिन डी-पंजाब नावाचा एक प्रकार आपल्या देशात आढळतो. त्यात बीटा साखळीच्या १२१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन असतं. जागा वेगळी, बदल वेगळा, पण विद्युतभाराचा हिशेब तोच: साखळीमागे एक ऋणभार कमी. त्यामुळे ही पट्टी डी आणि एस यांना एकाच जागी उभं करते. मग सामू सहाच्या आसपास आणून सायट्रेट-अगारच्या जेलवर तेच रक्त पुन्हा पळवतात. तिथे डी जाऊन ए शी मिळतं आणि एस वेगळं पडतं.

डीएनएकडे: पू, मीठ आणि थंड अल्कोहोल

डीएनए वेगळा काढण्याची सुरुवात फारशी रम्य नाही. १८६९ साली जर्मनीत ट्यूबिंगेनच्या जुन्या किल्ल्यात, जिथे एकेकाळी स्वयंपाकघर होतं त्या प्रयोगशाळेत, फ्रीड्रिक मीशर हे तरुण स्विस संशोधक दवाखान्यातून आलेल्या पू भरल्या बँडेजच्या पट्ट्या धूत बसत. पू म्हणजे मुख्यतः पांढऱ्या पेशी. डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिनने त्यांनी पेशींतली प्रथिनं पचवून टाकली, केंद्रकं सुटी केली, आणि त्यांच्यातून एक पांढरा, फॉस्फरस असलेला पदार्थ मिळवला. हा कुठल्याच ओळखीच्या प्रथिनासारखा वागत नव्हता. त्यांनी त्याला ‘न्युक्लिन’ म्हटलं. त्यांचे वरिष्ठ होप-झायलर यांचा विश्वास बसेना. त्यांनी सगळे प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले आणि मगच, १८७१ मध्ये, निबंध छापला.

आज आपण तीच कामं करतो, त्याच क्रमाने, फक्त स्वच्छ. आधी नळीतल्या रक्तात तांबड्या पेशी फोडणारा द्रव, सहसा अमोनियम क्लोराइडचा, घालतात. तांबड्या पेशी फुटतात, पांढऱ्या काही काळ तग धरतात. सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवलं की पांढऱ्या पेशी तळाशी बसतात आणि वरचं लाल पाणी ओतून देता येतं. दोन-तीनदा हे केलं की तळाशी जवळपास पांढरा गोळा उरतो. ताक घुसळून लोणी वर आणणाऱ्याला हे नवीन नाही. फक्त इथे हवं ते तळाला जातं.

मग त्या गोळ्यात एसडीएस घालायचं. नाव अवघड वाटलं तरी पदार्थ घरातलाच आहे. शाम्पू आणि टूथपेस्टच्या डबीवर सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलेलं असतं, तेच हे. पेशीचं आवरण चरबीचं, साबणाने ते विरघळतं आणि आतलं सगळं बाहेर येतं. आता डीएनएबरोबर प्रथिनांचा चिखल आहे. तो पचवायला प्रोटीनेज के हे एन्झाइम वापरतात. ते एका बुरशीपासून मिळतं, आणि केस-नखांतलं केराटिनही पचवतं म्हणून त्याच्या नावातला ‘के’. साबणात बहुतेक एन्झाइमं निकामी होतात, हे मात्र होत नाही. ५५ अंशांच्या पाण्यात नळी तास-दोन तास, किंवा रात्रभर ३७ अंशांना. द्रव हळूहळू पारदर्शक आणि चिकट होतो, अंड्याच्या पांढऱ्यासारखा. त्या चिकटपणातच डीएनए असतो. प्रत्येक पेशीत सरळ केला तर दोन मीटर भरेल इतका धागा, आणि अशा लाखो पेशींचा एकत्र गुंता.

पुढचा टप्पा म्हणजे पचलेल्या प्रथिनांचे अवशेष काढणं. जुनी पद्धत फिनॉल-क्लोरोफॉर्मची. हलवून फिरवलं की तीन थर होतात: वर पाण्यात डीएनए, खाली फिनॉल, आणि मधे प्रथिनांची पांढरी साय. ही साय न हलवता वरचा थर पिपेटने उचलणं हे हाताचं कौशल्य आहे, आणि फिनॉल कातडीवर पडला तर भाजतो. म्हणून अनेक ठिकाणी आता मिठाची पद्धत वापरतात. संपृक्त मिठाचं पाणी घातलं की मीठ पाण्याचे रेणू स्वतःभोवती ओढून घेतं, प्रथिनांना विरघळून राहायला पाणी उरत नाही आणि ती गोळा होऊन खाली बसतात.

मग अल्कोहोल. डीएनएचा धागा ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांचा, आणि प्रत्येक अक्षराला एक ऋणभारित फॉस्फेट असतो. पाणी आणि हे ऋणभार यांचं जमतं, म्हणून डीएनए पाण्यात विरघळलेला राहतो. मिठातला सोडियम ते भार झाकतो आणि थंड इथेनॉल पाणी दूर सारतो. डीएनएला विरघळून राहण्याचं कारणच उरत नाही. नळी हळूच उलटी-सुलटी केली की रिकाम्या दिसणाऱ्या द्रवात अचानक पांढरे धागे दिसायला लागतात, कापसाच्या पुंजक्यासारखे. काचेच्या काडीवर ते गुंडाळून उचलता येतात. जीवशास्त्रात इतक्या वर्षांत मी बरंच काही पाहिलं, पण विद्यार्थ्यांच्या हातात पहिल्यांदा तो पुंजका आला की त्यांचे चेहरे बघायला अजून आवडतं.

एक गोष्ट इथे जपायची असते. डीएनएचा धागा लांब आहे, पण अतिशय बारीक. पिपेटच्या अरुंद टोकातून जोरात ओढला तर तो तुटतो, म्हणून लांब डीएनए हवा असेल तेव्हा टिपचं टोक कात्रीने कापून रुंद करतात.

आजच्या तयार किटमध्ये हे सगळं अर्ध्या तासात होतं. ग्वानिडीन नावाच्या तीव्र क्षारात डीएनए सिलिकाला, म्हणजे वाळू-काचेच्याच जातीच्या पदार्थाला, चिकटतो. बाकीचं धुऊन टाकायचं, शेवटी साधं कमी क्षारांचं पाणी ओतलं की डीएनए सुटतो. १९९० मध्ये नेदरलँड्समध्ये बूम आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. सिलिकाचा थर दिलेले चुंबकीय मणी वापरले तर सेंट्रिफ्यूजही नको. नळीला बाहेरून चुंबक लावायचा, मणी भिंतीला जाऊन बसतात, पाणी ओतून द्यायचं. कोविडच्या काळात स्वॅबमधून विषाणूचा आरएनए काढणारी यंत्रं दिवसरात्र हेच करत होती.

किती मिळाला आणि किती शुद्ध, हे प्रकाशाला विचारायचं. डीएनए २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो, प्रथिनं २८० चा. पहिल्याचं दुसऱ्याशी गुणोत्तर १.८ च्या जवळ आलं तर डीएनए चांगला. १.६ च्या खाली गेलं तर प्रथिनं मागे राहिली आहेत, पुन्हा धुवायला बसा.

जेलवरची शर्यत

इथपर्यंत डीएनए प्रथिनांपासून वेगळा झाला. आता डीएनएचे तुकडे एकमेकांपासून वेगळे करायचे, आणि इथे हिमोग्लोबिनच्या पट्टीची युक्ती चालत नाही. कारण गमतीचं आहे. डीएनएच्या लांबीत एक अक्षर वाढलं की ऋणभारही तेवढाच वाढतो आणि वजनही. १०० अक्षरांचा आणि १००० अक्षरांचा तुकडा मोकळ्या पाण्यात जवळजवळ एकाच वेगाने धावतात. विद्युतभाराला फरक दिसत नाही, म्हणून आता चाळणी हवी.

ती चाळणी म्हणजे अॅगरोज. बाजारात चायना ग्रास म्हणून जे मिळतं, ज्याची जेली-पुडिंग करतात, ते अगार समुद्री शेवाळापासून निघतं. तमिळनाडूच्या मन्नार आखाताच्या किनाऱ्यावर असं शेवाळ गोळा केलं जातं. अगारचाच शुद्ध केलेला एक भाग म्हणजे अॅगरोज. एक ग्रॅम पूड १०० मिलिलिटर बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रवात, घालून मायक्रोवेव्हमध्ये उकळायची, कोमट झाल्यावर ट्रेमध्ये ओतायची, एका कडेला कंगवा रोवायचा. थिजल्यावर कंगवा काढला की रांगेत खळगे तयार. त्यात डीएनए भरताना ग्लिसरॉल आणि निळा रंग मिसळतात. ग्लिसरॉलमुळे तो जड होऊन खळग्यात बसतो आणि निळ्या रंगामुळे शर्यत कुठवर आली ते कळतं. डीएनए स्वतः दिसत नसतो.

वीज जोडताना खळगे ऋण टोकाकडे हवेत, कारण डीएनए धन टोकाकडे, लाल वायरकडे, पळतो. माझ्या अगदी पहिल्या जेलला मी वायरी उलट जोडल्या आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा दोन दिवस खपून काढलेला डीएनए खळग्यांच्या मागच्या कडेने बफरमध्ये निघून गेला होता. तेव्हापासून ‘लाल म्हणजे पळापळ’ हे मी कोणालाही विसरू देत नाही.

लहान तुकडे जाळीतून सहज निसटून पुढे जातात, लांब तुकडे अडखळत मागे राहतात. शेजारच्या रांगेत लांबी माहीत असलेल्या तुकड्यांची ‘लॅडर’ धावते, तीच आपली फूटपट्टी. शेवटी एथिडियम ब्रोमाइडसारखा रंग डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसून बसतो आणि अतिनील प्रकाशात नारिंगी चमकतो. जो रंग आपल्यासमोर डीएनएमध्ये घुसतो तो आपल्या पेशींच्या डीएनएतही घुसू शकतो, म्हणून हातमोजे आणि वेगळी कचराकुंडी. बऱ्याच ठिकाणी आता त्याऐवजी कमी धोक्याचे रंग वापरतात.

सिकलसेलमध्ये डीएनएत बदललंय एकच अक्षर: जीएजीच्या जागी जीटीजी. जेल तर फक्त लांबी मोजतं, आणि एक अक्षर बदलल्याने लांबी बदलत नाही. मग जेलला हे दिसणार कसं? त्यासाठी फरकच लांबीत उतरवावा लागतो. जीवाणूंकडे डीएनएत अक्षरांचा ठराविक क्रम, जणू एखादा शब्द, दिसला की तिथे कापणारी एन्झाइमं असतात. एमएसटी-टू हे त्यातलं एक. ते जिथे कापतं तो शब्द नेमका या जागी आहे, आणि सिकलच्या बदलाने तो शब्द मोडतो. सामान्य जनुक इथे कापलं जातं आणि १,१५० अक्षरांचा तुकडा मिळतो. सिकलचं जनुक कापलं जात नाही, तुकडा १,३५० अक्षरांचा राहतो. आता जेलला बोलता येतं. वाहकात दोन्ही पट्टे.

अडचण एवढीच की माणसाचा सगळा डीएनए कापला तर लाखो तुकडे होतात आणि जेलवर पट्टे न दिसता धुरासारखा एकसलग फराटा दिसतो. त्यातून एकच तुकडा शोधायची युक्ती एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये दिली. जेलवर पडदा ठेवायचा, त्यावर टिपकागदांची चळत आणि वजन. कागद पाणी शोषतात, पाण्याबरोबर डीएनए जेलमधून वर चढून पडद्याला जसाच्या तसा चिकटतो. मग हव्या त्या जनुकाला जुळणारा खुणेचा तुकडा त्यावर सोडायचा, तो आपल्या जोडीदाराला शोधून बसतो. आता पीसीआरने तेवढाच तुकडा आधी कोट्यवधी पटींनी वाढवता येतो, मग कापून साध्या जेलवर बघता येतो. बाळ जन्मायच्या आधी, गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांत वारेचा बारीक नमुना घेऊन सिकलसेल तपासता येतो तो याच मार्गाने. त्या वयात बाळाच्या रक्तात प्रौढ हिमोग्लोबिन जेमतेम असतं, म्हणून प्रथिनाची पट्टी तिथे कामाची नाही.

एकच प्रथिन हवं असेल तर

प्रथिनांचीही डीएनएसारखी निव्वळ लांबीवर शर्यत लावता येते. साबणातलं तेच एसडीएस घालून प्रथिन उकळायचं. त्याच्या घड्या उलगडतात आणि एक ग्रॅम प्रथिनावर सुमारे १.४ ग्रॅम एसडीएस चिकटतं. त्या ऋणभाराच्या लेपाखाली प्रथिनाचा स्वतःचा भार बुडून जातो. मग पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलवर पळवलं की फरक उरतो तो फक्त लांबीचा. ही एसडीएस-पेज पद्धत केंब्रिजमध्ये उलरिख लेम्ली यांनी १९७० मध्ये आजच्या रूपात आणली. पट्टे रंगवायला कूमासी ब्लू वापरतात. मूळचा हा लोकरीचा रंग, आणि त्याचं नाव आफ्रिकेतल्या घानामधल्या कुमासी शहरावरून पडलेलं.

प्रथिनांसाठी जगभर सर्रास वापरली जाणारी ही पद्धत आपल्या गडचिरोलीच्या मुलीसाठी मात्र बिनकामाची. तिचा सगळा भर विद्युतभार झाकण्यावर आणि आपला फरक नेमका विद्युतभाराचाच. ए आणि एस तिच्यावर एकाच रेघेत उभी राहतील.

जेल बघायला चांगलं, पण भांडंभर प्रथिन काढायला उपयोगाचं नाही. दुसऱ्या महायुद्धात रक्तस्रावाने अत्यवस्थ झालेल्या सैनिकांसाठी हार्वर्डचे एडविन कोन रक्तद्रवातून अल्ब्युमिन काढत होते, तेव्हा त्यांनी डीएनएसारखंच थंड अल्कोहोल वापरलं, पण टप्प्याटप्प्याने. अल्कोहोलचं प्रमाण, सामू, तापमान आणि क्षार थोडे-थोडे बदलत गेलं की एकेक प्रथिन आपल्या पाळीने खाली बसतं. अल्ब्युमिन सगळ्यांत शेवटी, ४० टक्के अल्कोहोल, सामू ४.८, तापमान उणे ५ अंश. तो त्यांच्या क्रमातला पाचवा हिस्सा. प्रयोगशाळेतल्या अल्ब्युमिनच्या बाटल्यांवर अजूनही ‘फ्रॅक्शन फाइव्ह’ छापलेलं असतं. लिव्हरच्या आजारात घरच्यांना धावाधाव करून आणायला लागणारी अल्ब्युमिनची महागडी बाटली याच कामाची वंशज.

याहून नेमकेपणा हवा असेल तर स्तंभ, म्हणजे कॉलम. मण्यांनी भरलेल्या नळीतून मिश्रण सोडायचं आणि कोण कधी बाहेर येतं ते बघायचं. मणी सच्छिद्र असतील तर उलटाच प्रकार होतो: लहान रेणू प्रत्येक छिद्रात शिरत-निघत रेंगाळतात आणि मोठे सरळ बाहेर पडतात. बाजाराच्या दिवशी मुलांना घेऊन निघालेल्या माणसाचं जसं होतं तसं. मण्यांवर विद्युतभार असेल तर विरुद्ध भाराची प्रथिनं अडकतात. आणि जनुकात फेरफार करून प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडीन जोडली असतील तर निकेलच्या मण्यांवर तेवढं एकच प्रथिन धरलं जातं, बाकी हजारो वाहून जातात. निवडण्याच्या सर्वांत जवळ जाणारी पद्धत हीच, आणि त्यासाठी प्रथिनाला आधी शेपूट चिकटवावं लागलं.

मोठ्या लॅबमध्ये आता हिमोग्लोबिन तपासायला एचपीएलसी हेच कॉलमचं यंत्र असतं. मण्यांवर ऋणभार, म्हणून जास्त धन असलेलं हिमोग्लोबिन उशिरा सुटतं. एस पट्टीवर मागे राहायचं, इथेही ए नंतरच बाहेर येतं. दोन्हीकडे कारण तेच: दोन ऋणभार कमी. आपल्यातल्या कित्येकांच्या घरात या कॉलममधून आलेलं एक नाव रोज घेतलं जातं, कोणाला ते माहीत नसतं एवढंच. १९५८ मध्ये अशाच एका कॉलममधून सामान्य हिमोग्लोबिन सोडताना मुख्य ए च्या आधी काही छोटे हिस्से बाहेर पडले, त्यांना ए-वन-ए, ए-वन-बी, ए-वन-सी अशी नावं पडली. दहा वर्षांनी तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात असंच वेगळं सरकणारं हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं, आणि ते हेच ए-वन-सी निघालं. साखर बीटा साखळीच्या टोकाला चिकटते, तिथला धनभार कमी होतो, म्हणून ते कॉलममधून लवकर सुटतं. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणजे एचबीए-वन-सी.

आणि म्हणूनच त्या मुलीच्या घरात पुढे कोणाला मधुमेह निघाला तर डॉक्टरांना सिकलसेलचं आधी सांगावं. एसएस माणसाच्या रक्तात ए हिमोग्लोबिनच नसतं, तर त्याचं ए-वन-सी कुठून मोजणार? शिवाय त्याच्या तांबड्या पेशी १२० दिवस जगत नाहीत, खूप लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही. वाहकाच्या बाबतीत काही यंत्रांवर एस चा हिस्सा आकड्यात गोंधळ घालतो. अशा वेळी ए-वन-सी बाजूला ठेवून रोजच्या शुगरच्या नोंदींवर किंवा फ्रुक्टोसामाइनवर, म्हणजे रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरेच्या चाचणीवर, उपचार ठरवतात.